पट्टा की परवाना

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. आयुष्याची तीसएक वर्षे त्यांनी एका कचेरीत इंग्रजी टिपणे आणि खलिते लिहिण्यात घालविली, आणि त्यांच्या हातच्या मसुद्यात वरिष्ठांनाही कधी स्वल्पविरामाची चूक काढता आली नाही असा त्यांचा लौकिक होता. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्यातील आपली दोन खोल्यांची रिकामी जागा एका तरुण जोडप्यास राहावयास दिली, त्या व्यवहाराचा करारनामा मला दाखवावयास आणला, आणि मी काही विचारण्यापूर्वीच मथळ्यावर बोट ठेवून मला समजावून सांगितले की, ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणे आणि ‘लायसन्स’ म्हणजे परवाना. तेव्हा अकरा महिने राहण्याचा परवाना आणि ते सरताच सोडून जाण्याची अट, हे दोन्ही मिळून ‘लीव्ह अँड लायसन्स’ झाले. ‘मग लीज आणि हे यांत अंतर कोणते?’ असे मी विचारताच, ‘ते लांब मुदतीचे, हे आखूड मुदतीचे, बाकी सगळे एकच’ असे उत्तर त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता दिले.

दोन्ही उत्तरे चुकीची होती. परंतु त्यात त्या गृहस्थांना विशेष दोष द्यावा असे मला वाटत नाही. कारण मुंबई-पुण्यात दरवर्षी ज्या असंख्य कागदांवर मालक आणि बिऱ्हाडकरू सह्या करतात, त्यांतील बहुतेकांची समजूत याहून वेगळी नसते. ‘लीज’ आणि ‘लायसन्स’ हे शब्द एकाच अक्षराने आरंभ होणारे, एकाच प्रकारच्या कागदावर आढळणारे आणि दलालाच्या तोंडी एकाच दमात येणारे असल्यामुळे ते सख्खी भावंडे वाटतात; वास्तविक त्यांच्यात घरमालक आणि घरी आलेला पाहुणा यांच्यात असते तितके अंतर आहे. ते अंतर ध्यानात न घेता केलेली सही पुढे दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवावयास लावते, म्हणून या दोन शब्दांचा थोडा विस्ताराने विचार करावा असे योजिले आहे.

प्रथम ‘लीव्ह’ या शब्दाचा निकाल लावू. इंग्रजीत या उच्चाराचे आणि याच वर्णांचे दोन शब्द आहेत, आणि त्यांची कुळे अगदी निराळी आहेत. एक क्रियापद, त्याचा अर्थ सोडणे किंवा निघून जाणे. दुसरे नाम, त्याचा अर्थ अनुज्ञा, संमती, मुभा. आपल्या करारनाम्याच्या मथळ्यावर बसलेला शब्द हा दुसरा होय. कचेरीतील ‘सिक लीव्ह’ आणि ‘कॅज्युअल लीव्ह’ यांतला शब्दही तोच. गैरहजर राहण्याची वरिष्ठांनी दिलेली अनुज्ञा, एवढाच त्याचा मूळ अर्थ. मराठी वाचकास हे अर्थांतर मुळीच अपरिचित वाटू नये. कारण आपल्या ‘रजा’ या शब्दानेही नेमका हाच प्रवास केलेला आहे. अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ संतोष किंवा संमती; ‘राजी’ आणि ‘रजामंदी’ हे त्याचेच सोयरे, आणि ज्या ‘राजीनाम्या’ला आज आपण नोकरी सोडण्याचा कागद समजतो तोही मुळात संमतीचाच कागद. धन्याची रजा घेऊन चाकर गावी जाई. पुढे त्या संमतीचा विसर पडून गावी जाण्याचे दिवसच तेवढे ‘रजा’ म्हणून उरले. आमच्या गृहस्थांनी जन्मभर रजेचे अर्ज मंजूर-नामंजूर केले, पण रजेचे मूळ त्यांना सापडले नाही, ही भाषेची गंमत आहे.

तेव्हा ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणजे संमती आणि परवानगी. एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी उभे केलेले. ‘लीव्ह’ हा जुन्या इंग्रजीतला देशी शब्द, तर ‘लायसन्स’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. आणि विलायतेतील कायदेपंडितांना असे देशी व परभाषी जोड एकत्र बांधण्याची पुरातन खोड आहे. मृत्युपत्राला ते ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणतात, तेही याच मासल्याचे. आपणही ‘धनदौलत’, ‘कागदपत्र’, ‘मानमरातब’ म्हणताना संस्कृत आणि यावनी शब्दांची अशीच लग्ने लावतो, आणि धन कोणते व दौलत कोणती असा प्रश्न कोणाला पडत नाही. म्हणून यापुढे ‘लीव्ह’ बाजूला ठेवून केवळ ‘लीज’ आणि ‘लायसन्स’ यांचाच विचार केला तरी चालेल.

‘लीज’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ सैल करणे, हातून सोडणे असा आहे. ‘रिलॅक्स’ आणि ‘रिलीज’ ही त्याचीच नातवंडे. ‘लायसन्स’चा मूळ धातू मात्र ‘अनुज्ञेय असणे’ या अर्थाचा. या दोन धातूंतच सारा भेद बीजरूपाने सामावलेला आहे. लीज देणारा मनुष्य आपल्या मालमत्तेतील काही एक हक्क ठरावीक काळापुरता आपल्या मुठीतून सोडतो. लायसन्स देणारा काहीच सोडत नाही, तो केवळ ‘माझी हरकत नाही’ एवढेच म्हणतो. पहिल्यासाठी आपल्याकडे ‘पट्टा’ हा शब्द फार जुना आहे, आणि पट्टा घेणाराने उलट लिहून द्यावयाच्या ‘कबुलायती’सह तो महसुली दप्तरात रुळलेला आहे, दुसऱ्यासाठी ‘परवाना’ हा फारसी शब्द तितकाच समर्पक आहे. अलीकडे शासकीय परिभाषेने ‘अनुज्ञप्ती’ हा शब्द रूढ करण्याचा यत्न चालविला आहे. तो निर्दोष असला तरी बिऱ्हाड बदलणाऱ्या माणसाच्या ओठांवर बसेल असे मला वाटत नाही.

हिंदुस्थानच्या कायद्यात या दोन कल्पनांच्या व्याख्या एकाच वर्षी, जणू पाठोपाठच्या दोन श्वासांत केल्या गेल्या. १८८२ सालचा चौथा अधिनियम म्हणजे मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. त्याच्या १०५व्या कलमात लीजची व्याख्या आहे, आणि तिचा आशय असा की, स्थावर मालमत्तेचा उपभोग घेण्याचा हक्क काही मुदतीपुरता किंवा कायमचा, मोबदल्याच्या बदल्यात, दुसऱ्याच्या नावे हस्तांतरित करणे. त्याच सालचा पाचवा अधिनियम म्हणजे सुविधाधिकारांचा, ज्याला आपण ‘ईझमेंट अॅक्ट’ म्हणतो तो. त्याचे ५२वे कलम सांगते की, जी गोष्ट परवानगीवाचून केली असता बेकायदा ठरली असती, ती दुसऱ्याच्या स्थावर मालमत्तेत करण्याचा हक्क मिळणे, पण त्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध न मिळणे, याचे नाव लायसन्स. पहिल्या व्याख्येत ‘हस्तांतरण’ आहे. दुसरीत ते मुद्दाम नाकारले आहे. परवाना नसता तर ज्याला अतिक्रमण म्हणावे लागले असते, त्या कृत्यावरील दोषाचा डाग पुसणे, एवढेच परवान्याचे सामर्थ्य. मुदतीचा येथे काहीही संबंध नाही, हे वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे. एका महिन्याचे लीज असू शकते आणि दहा वर्षांचे लायसन्सही असू शकते.

हा सूक्ष्म वाटणारा भेद व्यवहारात किती स्थूल परिणाम घडवून आणतो ते पाहण्यासारखे आहे. मालकाने आपली इमारत विकली, तर पट्टेदाराचा पट्टा इमारतीबरोबर नव्या मालकाकडे जातो आणि मुदत संपेतो त्याला तो मानावा लागतो. परंतु परवाना जुन्या मालकाच्या मर्जीशी बांधलेला असल्यामुळे नवा मालक त्याने बांधलेला नसतो. पट्टेदार निवर्तला तर त्याचा पट्टा सामान्यतः वारसांकडे उतरतो. परवाना व्यक्तीच्या नावचा, तो बहुधा तिच्याबरोबरच सरतो. पट्टेदारास, कराराने वा भाडेनियंत्रण कायद्याने मज्जाव नसेल तर, आपला हक्क दुसऱ्यास देता येतो. परवानेदारास तो देता येत नाही, आणि कायद्याने याला ठेवलेला एक अपवाद मोठा रंजक आहे, तो म्हणजे सार्वजनिक करमणुकीच्या स्थळी जाण्याचा परवाना. नाटकाचे तिकीट घेऊन ऐन वेळी ताप आला, तर ते शेजाऱ्याला द्यावयास आपल्याला कोणी अडवीत नाही, ते या अपवादाच्या बळावर. महिनेवार चालणारा पट्टा संपवावयाचा तर निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. परवाना मागे घेण्यास सामान्यतः मालकाची इच्छा पुरते, मात्र परवानेदाराला सामानसुमान घेऊन बाहेर पडण्यास वाजवी अवधी मिळतो, आणि मोबदला देऊन घेतलेला परवाना त्याच्या दोषावाचून मुदतीआधीच तोडला तर तो नुकसानभरपाई मागू शकतो. परवानेदाराने त्या परवान्यावर विश्वासून स्वखर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर मात्र परवाना देणाऱ्याला तो मनास येईल तेव्हा परत घेता येत नाही. गावाकडे भावाच्या जागेत त्याच्या तोंडी संमतीने विहीर किंवा घर बांधणाऱ्यांनी हे कलम, म्हणजे ६०वे, एकदा कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

परवाना मनास येईल तेव्हा मागे घेता येतो म्हणजे काय, याचे विलायतेतील प्रसिद्ध उदाहरण घोड्यांच्या शर्यतीचे आहे. डॉन्कास्टरच्या शर्यती पाहण्यासाठी एका माणसाने एक गिनी मोजून तिकीट घेतले होते, आणि तरीही तेथील अधिकाऱ्याच्या हुकमावरून त्याला आवाराबाहेर घालविण्यात आले. १८४५ साली कोर्टाने निर्णय दिला की, तिकीट हा निव्वळ परवाना असून तो मागे घेतला गेल्यावर तेथे उभा राहिलेला मनुष्य अतिक्रमणकर्ता ठरला, सबब त्याला हाताला धरून बाहेर काढणे हा हल्ला नव्हे. गिनीही गेली आणि शर्यतही गेली. हा निर्णय लोकांच्या न्यायबुद्धीस बोचत राहिला, आणि पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, तिकीट काढूनही चित्रपटगृहातून बाहेर काढलेल्या एका प्रेक्षकाच्या फिर्यादीत इंग्लिश कोर्टाने त्याच्या बाजूने कौल दिला.

आता खरा अवघड प्रश्न. कागदावर काय लिहिले आहे यावरून पट्टा की परवाना हे ठरावयाचे, की प्रत्यक्षात काय दिले आहे यावरून? भाडेकरूंना संरक्षण देणारे कायदे आले की मालकमंडळी लीजला लायसन्स म्हणू लागतात, भाड्याला मोबदला म्हणू लागतात आणि भाडेकरूला पाहुणा म्हणू लागतात, हा अनुभव केवळ मुंबईचा नाही. इंग्लंडात एका वकिलाने आपल्या मालकीच्या दोन खोल्या एका बाईला आठवड्याला ३७ पौंडांवर दिल्या, आणि भाडेनियंत्रणाच्या जाळ्यात सापडू नये म्हणून कागदावर जागोजाग ‘लायसन्स’ हा शब्द घालून, आपल्याला भाडेकरूचे संरक्षण मिळणार नाही अशी त्या बाईची कबुलीही लिहून घेतली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. १९८५ साली लॉर्ड टेम्पलमन यांनी दिलेल्या निर्णयात एक दृष्टांत आहे, जो कायद्याच्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतो: माती उकरण्यासाठी एखाद्याने पाच दात्यांचे अवजार घडविले, तर घडविणारा इंग्रजी भाषेशी अपरिचित असल्यामुळे आपण फावडे केले असे कितीही हट्टाने म्हणाला, तरी ते दाताळेच राहावयाचे. जागेचा अनन्य ताबा, ठरावीक मुदत आणि भाडे या तीन गोष्टी एकत्र आल्या की सामान्यतः तो पट्टा झाला. मथळ्यावर काहीही लिहा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा त्याआधी सव्वीस वर्षे, म्हणजे १९५९ साली, दिल्लीच्या एका नामांकित हॉटेलातील केशकर्तनालयाच्या वादात हाताळला होता. हॉटेलातील दोन क्लोकरूम एका व्यावसायिकास परवान्याच्या भाषेत लिहून दिल्या होत्या. तथापि न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी दस्तऐवजाच्या रूपापेक्षा त्याच्या अंतरंगाला महत्त्व देऊन, जागेत हितसंबंध निर्माण झाला की नाही ही कसोटी लावली, आणि बहुमताने तो पट्टा ठरला. गंमत अशी, की हॉटेलातील खोली भाडेनियंत्रण कायद्यातून वगळलेली असल्यामुळे, शब्दांचा वाद जिंकूनही त्या व्यावसायिकाच्या पदरात काही पडले नाही. उलट १९६४ साली मद्रासच्या एका खाजगी मंडईतील गाळेवाल्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने गाळेवाले हे परवानेदार आहेत असे ठरविले. कारण मंडईचे दरवाजे ठरलेल्या वेळी बंद होत, देखरेख आणि साफसफाई मालकांच्या हाती राही, आणि गाळेवाल्यास आपल्या गाळ्यावर सर्वस्वी स्वतःचा म्हणता येईल असा ताबा कधीच नव्हता. म्हणून सर्वसामान्य वाचकासाठी सोपी कसोटी सांगावयाची तर ती किल्लीची आहे. मालकाला आत यावयाचे असेल तर तो स्वतःच्या अधिकाराने येतो, की दार ठोठावून तुमची संमती मागतो? तो स्वतःच्या अधिकाराने येत असेल तर तुमच्या हाती बहुधा परवाना आहे. त्याला तुमची संमती घ्यावी लागत असेल तर बहुधा पट्टा. ‘बहुधा’ म्हणतो, कारण नोकरीमुळे मिळालेली जागा, नात्यातल्या माणसाला मायेने दिलेली खोली, राखणदाराची चौकी, येथे किल्ली पूर्णपणे राहणाऱ्याच्या हाती असूनही पट्टा होत नाही.

एवढ्यावर वाचकाने वही मिटली तर त्याची महाराष्ट्रापुरती फसगत होईल; कारण येथे इतिहासाने या कसोटीला एक वळसा दिला आहे. १९४७ सालच्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूस उठविणे दुरापास्त झाले, तेव्हा मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’चा आश्रय घेतला, जो तो भाडेकरू कागदोपत्री लायसन्सी झाला. अशा जागांत वर्षानुवर्षे बिऱ्हाडे थाटलेल्या माणसांची संख्या वाढत गेली, आणि अखेर विधिमंडळाने १९७३ साली कायद्यात १५-अ हे कलम घालून, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारी या दिवशी चालू परवान्याखाली ज्यांच्या ताब्यात किमान एक खोली होती ते सर्व लायसन्सी भाडेकरू समजले जावेत असे फर्माविले. एका तारखेच्या बळावर असंख्य पाहुणे रातोरात घरातले झाले. ज्या मालकांनी शेजारधर्म म्हणून जागा दिली होती त्यांच्या पदरी मनस्ताप आला, आणि ज्यांनी कायदा चुकविण्यासाठी शब्दांचा खेळ केला होता त्यांना तो अंगाशी आला. दोघांची कैफियत सारखीच, पण माझी सहानुभूती पहिल्यांनाच आहे. पुढील काळात जागा भाड्याने देण्यापेक्षा तिला कुलूप लावून ठेवणे बरे, असे म्हणणारे मालक मी पुष्कळ पाहिले.

हे भय घालविण्याच्या हेतूने १९९९चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम आला, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या २४व्या कलमाने राहत्या जागेच्या परवान्यास जणू स्वतंत्र आसन दिले. मुदत संपली आणि लायसन्सी उठला नाही, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा, ताबा मिळवावा, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई घ्यावी. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, लेखी लायसन्सचा करार हा त्यात नमूद केलेल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जाईल असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. म्हणजे दाताळ्याला फावडे म्हणून चालत नाही हा नियम खरा. पण महाराष्ट्रातील राहत्या जागेपुरते या मार्गाने जाणाऱ्यास कागदावर उमटलेल्या शब्दाला कितीतरी अधिक वजन आले आहे, आणि म्हणूनच तो शब्द समजून सही करण्याची जबाबदारीही वाढली आहे. दुकान, गोदाम किंवा कचेरी यांना ही झटपट वाट खुली नाही. तेथे ताबा, किल्ली आणि अंतरंग यांचाच वाद पुन्हा उभा राहतो.

आता अकरा महिन्यांविषयी. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणी केल्यावाचून करता येत नाही, असा जुन्या कायद्याचा दंडक असल्यामुळे, वर्षाच्या आत राहून नोंदणीचा खर्च चुकवावा या युक्तीतून अकरा महिन्यांची प्रथा जन्मली आणि देशभर पसरली. महाराष्ट्रात तिचा आधार १९९९च्या कायद्याच्या ५५व्या कलमाने काढून घेतला आहे. जागा लीव्ह अँड लायसन्सने दिलेली असो की भाड्याने, करार लेखी असला पाहिजे आणि नोंदलेला असला पाहिजे, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा अकरा दिवसांची. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. आणि ती न केल्यास, कोणत्या शर्तींवर जागा दिली याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकते. मुद्रांकित कागदावर मजकूर टंकून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या किंवा नोटरीचा शिक्का मारून आणला म्हणजे नोंदणी झाली, अशी जी समजूत प्रचलित आहे, ती निराधार आहे.

या कागदात भेटणारे ‘लायसन्सर’ आणि ‘लायसन्सी’, ‘लेसर’ आणि ‘लेसी’ हे शब्दही लोकांना चकवितात. ज्याच्या शेवटी ‘अर’ तो देणारा, ज्याच्या शेवटी ‘ई’ तो घेणारा, एवढे ध्यानात धरले म्हणजे पुरे. गहाणखतात मात्र पुष्कळ जण गोंधळतात. तेथे ‘मॉर्टगेजर’ म्हणजे पैसे देणारी पेढी नव्हे, तर आपले घर गहाण देणारा ऋणको. आपण घर देतो आणि पेढी ते गहाण घेते, असा विचार केला की घोटाळा होत नाही. ‘लायसन्स’ या नामाचे इंग्रजी वर्णलेखन विलायती पद्धतीने ‘सी’ने आणि क्रियापदाचे ‘एस’ने करावयाचे, ‘अॅडव्हाइस’प्रमाणे, अमेरिकेत दोहोंसाठी ‘एस’ चालतो. दस्तात यामुळे काही बिघडत नाही.

दोन्ही शब्द घराबाहेरही भेटतात, आणि तेथे तीच कसोटी चालते. औद्योगिक विकास महामंडळ कारखानदारास भूखंड देते तो ९५ वर्षांच्या लीजने. त्या काळात कारखानदार तेथे इमारत उभारतो, ती तारण ठेवतो, महामंडळाच्या संमतीने हक्क दुसऱ्यास विकतो. चीनने १८९८ साली हाँगकाँगलगतचा नवा प्रदेश ब्रिटनला ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिला, आणि ती मुदत भरली म्हणून १९९७ साली ब्रिटनला जावे लागले. एवढे साम्राज्य, पण पट्ट्याची तारीख त्यालाही चुकली नाही. उलट लग्नासाठी एका दिवसापुरते घेतलेले कार्यालय, गच्चीवर जाहिरातीचा फलक उभा करण्याची मुभा, वसतिगृहातील खाट, पेइंग गेस्टची खोली, आणि ज्या प्रणालीच्या अटी न वाचता आपण मोबाईलवर ‘मान्य’ हे बटण दाबतो ती संगणक-प्रणाली, हे सारे सामान्यतः परवान्याच्या घरातले. प्रणाली आपण विकत घेतली असे म्हणतो खरे. वापरण्याची अनुज्ञा तेवढी घेतलेली असते.

तेव्हा कोणी जागेचा कागद पुढे केला, तर मथळा पाहून समाधान न मानता आतील मजकूर सावकाश वाचावा. मथळ्यावर लायसन्स आणि आत ‘भाडेकरू’, ‘भाडे’, ‘अनन्य ताबा’ असे शब्द पेरलेले असतील, तर तो कागद लिहिणाऱ्याने दोन निरनिराळे नमुने एकत्र शिवले आहेत असे समजावे आणि तो पुन्हा लिहून घ्यावा. जागा देणाऱ्याला ती मुदतीअखेर परत हवी असेल, तर ‘लायसन्स फी’, ‘वापर’, ‘कायदेशीर ताबा मालकाकडे राहील’ ही भाषा आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखी ठेवावी, आणि एक किल्ली खरोखरच स्वतःकडे ठेवावी. जागा घेणाऱ्याने आपल्याला खात्री कशाची हवी हे आधी ठरवावे. वर्ष-दोन वर्षे राहून दुसऱ्या शहरी जाणाऱ्या नोकरदारास परवाना पुरतो. पण ज्याला दुकान थाटून गिऱ्हाईक बांधावयाचे आहे, फर्निचरात लाखो रुपये घालावयाचे आहेत, त्याने परवान्यावर विसंबू नये, नोंदलेला पट्टाच मागावा, मग मुद्रांकशुल्क अधिक पडले तरी चालेल. मुदतीपूर्वी करार तोडावयाचा झाल्यास कोणी किती दिवसांची सूचना द्यावी, आणि अनामत रक्कम कोणत्या दिवशी परत करावी, ही दोन वाक्ये कागदात नसतील तर ती घालून घ्यावी; भांडणे बहुतेक याच दोन वाक्यांच्या अभावी होतात.

आमच्या गृहस्थांच्या करारनाम्याचा मथळा, वर सांगितल्याप्रमाणे, लीव्ह अँड लायसन्सचा होता. तिसऱ्या परिच्छेदात राहणाऱ्यास ‘टेनंट’ म्हटले होते, सातव्यात ‘लेसी’, आणि शेवटच्या पानावर, सहीखाली, ‘लायसन्सी’. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या टिपणांतील विसंगती शोधून काढणाऱ्या त्या माणसाने हे तिन्ही शब्द स्वतःच्या बोटाने एकामागून एक दाखविले, आणि दस्तक्रमांकाची जागा कोरी आहे हेही तेव्हाच आमच्या लक्षात आले. महिना २०,००० रुपये फी आणि १,००,००० रुपये अनामत धरून आम्ही शुल्काचा हिशेब मांडला: अकरा महिन्यांची एकंदर फी, तिच्यात अनामतीवरील दहा टक्के दराने त्या मुदतीचे व्याज मिळवावयाचे, आणि बेरजेवर पाव टक्का, म्हणजे मुद्रांकाचे सुमारे पावणेसहाशे रुपये, आणि शहरी हद्दीतील नोंदणीचे १,०००. ‘एवढ्यासाठी मी टाळीत होतो होय,’ असे म्हणून त्यांनी खिशातून पेन काढले, सातव्या परिच्छेदातील ‘लेसी’वर काट मारली, आणि पुढल्या आठवड्यात नोंदणीसाठी कोणता दिवस सोयीचा पडेल हे विचारावयास त्या तरुण जोडप्याला फोन लावला.